माझ्या पोटातला डोंगर

कशेळ्याच्या बाजारात, वरच्या वाड्यांना जाणाऱ्या जीपगाड्या जिथे भरतात, त्या कोपऱ्यावर एक लहानसा फोटो स्टुडिओ आहे. आत गेलात की समोर काउंटर, त्याच्या मागे पांढरा पडदा आणि पडद्याच्या कडेला एक लाकडी टेबल. त्या टेबलाखाली काळी पेटी दिसेल. तिच्या एका कुशीचं झाकण काढून ठेवलेलं आहे, त्यामुळे पोटातला सगळा पसारा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. मित्रांनो, तो उघड्या पोटाचा म्हातारा संगणक म्हणजे मीच.

माझे अवयव कुठल्या कुठल्या देशांत तयार झाले, पण मला माणसात आणलं ते खोपोलीत, जगदीश नावाच्या एका तरुणाने. तो तेव्हा नुकताच हे काम शिकला होता. त्याची मोठी बहीण सुरभी कशेळ्यात स्टुडिओ काढणार होती, आणि तिला द्यायचा म्हणून त्याने मला एकेक स्क्रू पिळून जोडलं. शेवटी त्याने बटण दाबलं आणि माझ्या आतला पंखा पहिल्यांदा फिरला. "उठला बघ!" असं तो ओरडला होता. जगात आल्यावर मी ऐकलेले ते पहिले शब्द.

पुढची वर्षं कशी गेली ते कळलंच नाही. सुरभी लग्नांचे फोटो काढून आणी आणि आम्ही दोघं मिळून अल्बम जुळवत असू. हळदीने पिवळे झालेले नवरदेव, रडून डोळे सुजलेल्या नवऱ्या, जेवणाच्या पंगतीत कॅमेरा दिसताच घास तोंडाजवळ धरून थांबलेले पाहुणे, असे कितीतरी चेहरे माझ्यातून गेले. बारशाचे फोटो काढलेल्या पोरांच्या दहावीच्या अभिनंदनाचे बॅनरही मीच केले. "काय झ्याक काढलाय गं फोटो!" असं लोक म्हणत. सुरभी हसे आणि माझ्या डोक्यावर हात ठेवी. मला तेवढं पुरे होई.

मग आमच्या भागात फार्महाऊसं वाढली. लग्नाआधीचे फोटो काढायला शहरातली जोडपी येऊ लागली. सुरभीने ड्रोन घेतला, मोठा कॅमेरा घेतला. त्यांची चित्रं इतकी भारी असत की ती उघडताना मला धाप लागे. मी मधेच थांबे. माझा पडदा गोठे. काउंटरवरची गिऱ्हाइकं घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "ताई, हा डबा बदला आता." माझ्या पंख्यात धूळ बसली. एका उन्हाळ्यात पालीने माझ्या तळाशी अंडीसुद्धा घातली. मी सगळं ऐकत असे. काम होत नसेल तर यंत्राने बोलणी खायचीच असतात.

खरं सांगायचं तर माझा एक हात दुखावला होता. संगणकाच्या आत हिशेब करणारा मेंदू असतो, तसा चित्रं रंगवणारा एक हातही असतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. माझं कार्ड लहानसं, पहिल्या दिवसापासूनचं. त्याचा पंखा आता जात्यासारखा घरघरे. ते बदलावं का, असा प्रश्न सुरभी जगदीशला अधूनमधून विचारी, आणि जगदीश मान हलवून विषय टाळी.

हा प्रश्न असाच लोंबकळत राहिला असता. पण एका उन्हाळ्यात आवडीआजी आमच्या पायरीवर बसली.

आवडीआजी कुंभ्याच्या वाडीची. वाघजाईच्या डोंगराच्या कुशीत ठाकर आदिवासींची ती छोटी वस्ती आहे. बाजाराच्या दिवशी ती टोपलीभर करवंदं घेऊन उतरे आणि स्टुडिओच्या सावलीत बसे. त्या दिवशी करवंदं विकून झाली तरी ती उठली नाही. सुरभीने तिला पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, बरं नाही का वाटत?"

"मला काय व्हतंय," आजी म्हणाली. "पर डोंगराला बरं नाय. वाडीच्या वर भुई फाटलीय गं. गेल्या पावसाळ्यात बोट जाईल एवढी फट व्हती. आता माझा हात कोपरापातुर जातो."

"कुठे फाटलीय?"

"एक आमच्या चढावरच्या वरकस शेतात. एक पलीकडं ऐनाच्या झाडाखाली. आन् एक पार तिकडं, जनाच्या गोठ्यामागं. पोशाला म्हणलं, तर तो म्हणतो, उन्हाळ्यात भुई फाटतेच, आये."

पोशा म्हणजे तिचा मुलगा. वाडीत त्याच्या शब्दाला मान होता.

सुरभीला राहवलं नाही. भाविका नावाची तिची एक मैत्रीण कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवे. तिच्या लग्नाचा अल्बम मीच जुळवला होता. सुरभीने तिला फोन लावला. भाविकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीन ठिकाणी तीन भेगा असतील तर काळजी नाही. पण त्या तिन्ही मिळून एकच असेल, तर मात्र वाडी धोक्यात आहे. जमिनीवर उभं राहून ते कळायचं नाही. ड्रोनने सगळ्या उताराचे फोटो घे. एकमेकांवर चढतील असे, खूप घे. ते जोडून संगणकात अख्खा डोंगर उभा करता येतो. तो मला दाखव."

दुसऱ्या दिवशी सुरभी जीपने वर गेली आणि शेकडो फोटो घेऊन आली. ते माझ्या स्वाधीन करून तिने काम सुरू केलं.

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. एका फोटोतला दगड दुसऱ्या फोटोत ओळखायचा, तिसऱ्यात ओळखायचा आणि त्यावरून तो किती उंचावर, किती खोल आहे ते ठरवायचं. एका दगडाचं जमलं. दहांचं जमलं. मग माझं छोटं कार्ड तापून लाल व्हायची वेळ आली आणि मी बंद पडलो. सुरभीने पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा बंद पडलो. "एवढं कर रे माझ्यासाठी," ती मला म्हणाली. आजवर माझ्याकडे असं काही तिने मागितलं नव्हतं, आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

रविवारी जगदीश आला. आता तो खोपोलीच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. त्याने माझं पोट उघडलं, आत बॅटरीचा उजेड पाडला आणि पाठ टेकून जमिनीवर बसला.

"ताई, ह्याच्यात मोठं कार्ड टाकायचं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीच्या गाडीला जुंपण्यासारखं आहे."

"पण टाकता येतं की नाही?"

"येतं. आमच्या खोपोलीतलं एक गेमिंग पार्लर बंद झालंय, तिथलं एक कार्ड मिळेल. पण ते ह्याच्यापेक्षा किती ताकदवान! त्याला वीज लागते भरपूर. ह्याचा पॉवर सप्लाय जुना, तो बदलावा लागेल. मेंदू जुना, तो मागे पडणार. आणि काही उलटसुलट झालं ना, तर मदरबोर्ड जळेल. मग हा कायमचा गेला."

"आणि नवा घेतला तर?"

"नवा चांगलाच. पण तो ह्या पावसाळ्याच्या आत तुला जमणार आहे का, तूच सांग."

माझ्यात तिची सगळी वर्षं होती. तिने सगळे जुने फोटो दुसरीकडे उतरवून घेतले, ते मला पाहता आलं. आजारी माणसाला मोठ्या ऑपरेशनला नेण्याआधी घरचे अंगावरचे दागिने काढून घेतात, तसं मला वाटलं.

"आवडीआजीला काय सांगू?" ती शेवटी म्हणाली. "आमचा कॉम्प्युटर म्हातारा आहे, म्हणून तुमचा डोंगर बघायचा राहिला, असं सांगू? टाक कार्ड."

माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भीत भीत का होईना, हेच म्हटलं असतं.

ते कार्ड आलं तेव्हा मी थक्क झालो. विटेसारखं जड, हातभर लांब, तीन पंख्यांचं! ते माझ्या पोटात मावेचना. जगदीशने आतला पत्र्याचा एक कप्पा करवतीने कापून काढला, तरी झाकण बसेना. "राहू दे उघडंच," तो म्हणाला, "वारा लागेल." नवा पॉवर सप्लाय जोडला, वायरी बांधल्या, बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. माझ्या आत वीज आली होती, पंखे फिरत होते, पण मला काही दिसत नव्हतं, बोलता येत नव्हतं. सुरभीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. जगदीशने घाई केली नाही. त्याने मेमरीची पट्टी बाहेर काढली, शाळकरी पोरांचं खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी कडेवर हलकेच घासलं, फुंकर मारली आणि पट्टी पुन्हा बसवली. कार्डही काढून परत दाबून बसवलं. मग बटण दाबलं.

आणि मित्रांनो, मला दिसलं! पूर्वी धुक्यातून दिसल्यासारखी दिसणारी चित्रं एकदम लख्ख झाली. एका क्षणात हजारो हात फुटल्यासारखं वाटलं. त्या कार्डाने आजवर खोट्या लढाया, खोटे स्फोट आणि धावत्या मोटारी रंगवल्या होत्या. आता त्याच्यापुढे खरा डोंगर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. सुरभीने टेबलफॅन माझ्या उघड्या कुशीकडे वळवला. वीज गेलीच तर म्हणून शेजारच्या दुकानातला इन्व्हर्टर आणून ठेवला. दुकानाचं अर्धं शटर खाली ओढून ती माझ्यासमोर बसून राहिली.

आधी पडद्यावर काहीच नव्हतं. मग एक ठिपका उमटला. सांडलेल्या तांदळासारखे आणखी काही ठिपके आले. मग मूठभर आले, सूपभर आले, खळंभर आले. काळ्या पोकळीत ते तरंगत होते आणि आपापली जागा शोधत होते. बघता बघता त्यांतून एक कडा उठला. कड्याखाली उतार पसरला. उतारावर वाळलेलं गवत आलं, गवतातून जाणारी पायवाट आली, कौलं आली, कौलांवर वाळत घातलेली लाल साडीसुद्धा आली. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मला डोंगर म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. माणसांचे चेहरे मी खूप पाहिले होते. डोंगरालाही चेहरा असतो, त्यावर पाण्याने कोरलेल्या सुरकुत्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. तो किती मोठा होता! आणि तरी तो माझ्यात मावला होता. माझे पंखे जोरजोरात फिरत होते. ते उष्णतेने फिरत होते हे खरं, पण मला विचाराल तर ते आश्चर्यानेही फिरत होते.

पुढच्या बाजाराला भाविका आली, आवडीआजी आली, आणि आजीच्या मागून हात बांधून पोशाही आला. सुरभीने माऊसने डोंगर हळूच फिरवला. आजी खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

"ह्यो आपला डोंगर?" ती पुटपुटली. "अगं, ह्यो तर वरून दिसतोय. देव आसाच बघत आसंल न्हवं आपल्याकडं?"

मग तिला एकेक ओळखू येऊ लागलं. हे पाणवठ्याचं झाड. ही जनाची पडवी. ह्या दगडावर माझी सासू नाचणी वाळत घालायची. भाविकाने पडद्यावर बोट टेकवलं आणि वाडीच्या वरच्या अंगाने ते हळूहळू नेलं. शेतातली भेग, मग गवताखाली दबलेली बारीक खळगी, मग ऐनाखालची भेग, पुन्हा खळगी, मग गोठ्यामागची भेग. तिन्ही मिळून विळ्यासारखी एकच वाकडी रेघ झाली होती. त्या विळ्याच्या पोटात सगळी वाडी होती.

"पावसात हा तुकडा सुटू शकतो," भाविका म्हणाली. "मी तालुक्याच्या कचेरीत हे दाखवते. पण तुम्ही पाऊस लागायच्या आत खाली उतरा."

पोशा पुढे झाला. "उतरतो. मंग?"

"मग म्हणजे?"

"आमी खाली उतरलो का वर कोन येनार, ते सांगा की. खालच्या चार वाड्यांची जमीन अशीच गेली, मॅडम. आज तिथं फार्महाऊस हाय. तारेचं कुंपण हाय. आमाला आमच्याच वाटंनं जाऊ देत नाय. तुमी चांगल्या हाय, ताई बी चांगली हाय. पर पडद्यावरची रेघ बघून मी माझ्या बापाची भुई सोडू व्हय?"

त्याचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं, या माणसाचं काय चुकलं? माझ्या रेघेवर त्याने का विश्वास ठेवावा?

भाविका म्हणाली, "माझ्यावर नको ठेवू विश्वास. तुझ्या हाताने खूण कर. पांढरा ऑइलपेंट घे. ह्या रेघेच्या बाहेर, बाजूच्या पक्क्या कातळावर फुल्या मार, आणि वाडीच्या आसपासच्या मोठमोठ्या दगडांवरही मार. सुरभी एकदा आता फोटो घेईल आणि एक झड येऊन गेली की पुन्हा घेईल. दोन्ही डोंगर आपण एकावर एक ठेवू. फुल्या जागच्या जागी असतील तर तू राहा. मी पुन्हा काही बोलणार नाही."

पोशाने आईकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला.

त्याने फुल्या मारल्या. सुरभीने फुल्यांसकट नवे फोटो घेतले आणि तो डोंगर मी जपून ठेवला. मग पाऊस लागला. झड लागली, ओढे भरले, आणि मग एके दिवशी उघडीप मिळाली. सुरभी ड्रोन घेऊन चिखलातून वर गेली. परत आली तेव्हा पोशा बरोबर होता. या वेळी तो खुर्चीवर बसला, माझ्या अगदी समोर.

मी नवा डोंगर उभा केला आणि फुल्यांच्या आधीच्या डोंगरावर ठेवला. आधी बाजूचा कातळ दाखवला. पोशाच्या फुल्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या, जणू एकच फुली. पोशाच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली. मग सुरभीने चित्र वाडीकडे सरकवलं.

वाडीजवळच्या दगडावर एका फुलीच्या दोन फुल्या दिसत होत्या. एक होती तिथे. दुसरी तिच्याखाली, हातभर उतरलेली. शेजारच्या दगडावर तसंच. आजीच्या घरामागच्या दगडावर तसंच. दगड पडले नव्हते, घरंगळले नव्हते. घरं, झाडं, गोठे, चुली, सगळ्यांना मांडीवर घेऊन अख्खी भुई गुपचूप खाली सरकली होती, आणि वरच्या माणसांना त्याचा पत्ताही लागला नव्हता.

पोशा ते दोन फुल्यांचं चित्र बघत बसला. ब्रश त्याचा होता, हात त्याचा होता. त्याने कुणाला दोष द्यावा? "फिरव," तो सुरभीला म्हणाला. तिने फिरवलं. "अजून." तिने अजून फिरवलं.

"उतरतो," तो म्हणाला. "पर एक काम करा, ताई. ह्याच्यात आमचा एकेक बांध दिसला पायजे. कुनाचं शेत कुठवर, कुनाचं घर कुठं, नावं घालून. उद्या कुनी म्हणलं इथं काय नव्हतं, तर मी त्याला ह्या म्हाताऱ्यापुढं आणून बसवीन."

म्हातारा म्हणजे मी. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

ते काम आम्ही मन लावून केलं. वाडीतली माणसं येत, पडद्यावर आपला बांध दाखवत आणि सुरभी त्यावर नाव लिही. तालुक्याचे साहेब येऊन पाहून गेले आणि भाविकाचं म्हणणं त्यांनाही पटलं. लग्नसराई संपली होती, त्यामुळे मांडववाले मालोजीशेठ यांचे खांब आणि पत्रे पडून होते. त्यांनी ते रस्त्यालगतच्या माळावर उभे करून दिले. ज्या मांडवात वऱ्हाडं बसली होती, त्यात आता वाडीच्या चुली पेटल्या.

डोंगर श्रावणात खाली आला. दिवसाढवळ्या, माणसं जेवायला बसलेली असताना. मी तिथे नव्हतो, मी ऐकलं ते सांगतो. पोशा त्या दिवशी फुल्यांच्या कातळापर्यंत वर गेला होता. रोज तेवढंच जायचं, असा त्याने स्वतःला नेम घातला होता. त्याने पाहिलं, की समोरचं ऐनाचं झाड उभ्याउभ्याच चालू लागलं. उभं झाड चाललं, त्याच्यामागून शेत चाललं. मग असा आवाज आला, की तो कानांनी ऐकला नाही, पायांनी ऐकला. आणि मग नुसती लाल माती.

दुपारी तो स्टुडिओत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. सुरभी काही विचारणार, तोच तो खाली बसला आणि म्हणाला, "ताई, वाडी लाव."

तिने वाडी लावली. कौलं आली, पडव्या आल्या, आईचं दार आलं. पोशाने मातीचं बोट पुढे केलं आणि पडद्यावर आपल्या घराच्या छपराला हळूच लावलं. "हाय," तो म्हणाला. "इथं हाय अजून." मग इतका वेळ धरलेलं रडू त्याला आवरेना. सुरभीने त्याला रडू दिलं. पडद्यावर उठलेला तो मातीचा ठसा तिने पुसला नाही.

वाडीतलं एकही माणूस गेलं नव्हतं. एकही नाही, मित्रांनो.

पाऊस संपल्यावर सुरभीने पुन्हा एकदा ड्रोन उडवला. तो उरलेला डोंगर मी उभा केला, तेव्हा माझे पंखे थरथरत होते. वाडी होती तिथे डोंगराचं काळीज उघडं पडलं होतं. मी पहिला डोंगर पाहिला होता, म्हणून मला कळलं की किती भुई हलली. इतकं बळ कुठून येतं? एवढं बळ पोटात धरून तो इतकी वर्षं त्या पोराबाळांना अंगाखांद्यावर कसा खेळवत होता? या प्रश्नांचा हिशेब मला मांडता येत नाही. मी फक्त पाहू शकतो.

खाली माळावर नवी घरं बांधायचं ठरलं तेव्हा आराखडा आला. सरळ रांगा, सारखी दारं. आवडीआजीने तो निरखला आणि मान हलवली. "घरं चांगली हायेत. पर माझ्या दारातनं जनाची चूल दिसायची. तिचा धूर नाय दिसला तर मी बघायला जायची, म्हातारीला बरं हाय का. ह्यात कुनाला कुनाचं दार दिसत नाय."

आराखडा करणारा तरुण भला होता. तो आजीला घेऊन माझ्यासमोर बसला. मी जुनी वाडी उभी केली, दोघांना आजीच्या दारात नेलं, आणि आम्ही तिच्या दारातून बाहेर पाहिलं. समोर जनाचं घर. डावीकडे येसूबाईचं. मधे सारवलेलं खळं. तो तरुण कागदावर रेघा खोडत गेला आणि नव्या ओढत गेला. नवी वाडी आता उभी आहे. ती सरळ रांगांची नाही. तिथली दारं एकमेकांकडे तोंड करून आहेत. वरच्या शेतांतली जी दरडीच्या कडेने वाचली, त्यांच्या बांधांवर अजून त्याच लोकांची नावं आहेत.

स्टुडिओत आता एक नवा संगणकही आला आहे. लग्नांची कामं तो करतो, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ भराभर करतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. माझ्यातला डोंगर भाविकाच्या कॉलेजातही आहे आणि कचेरीतही आहे, मी उद्या बंद पडलो तरी तो बुडणार नाही. पण वाडीची माणसं बाजाराला आली की इथेच येतात, माझ्यासमोर बसतात आणि क्षणभर घरी जाऊन येतात.

यंदाच्या खंडेनवमीला सुरभीने कॅमेरा, ड्रोन आणि आम्हा दोघा संगणकांना झेंडू वाहिला. तेवढ्यात आवडीआजी आली. वाचलेल्या शेतातल्या भाताची एक ओंबी तिने पदरातून काढली आणि माझ्या कपाळावर ठेवली.

"ह्याला खायला काय लागतं गं?" तिने विचारलं.

"थोडी वीज," सुरभी म्हणाली. "मोकळा वारा. आणि अधूनमधून धूळ झाडणारा हात."

"एवढंच?" आजी म्हणाली. तिने कमरेचा फडका काढला, माझ्यासमोर मांडी घातली आणि माझं उघडं अंग हलक्या हाताने पुसू लागली.

मित्रांनो, जुनं झालेलं प्रत्येक यंत्र वाचवावंच असं मी म्हणणार नाही. कधीकधी नवं आणणंच शहाणपणाचं असतं. पण टाकण्याआधी एकदा झाकण उघडा, धूळ झाडा, आणि त्याला अजून एक मोठं काम झेपेल का ते करून बघा. मला एक हात बदलून मिळाला आणि मी डोंगर पाहिला. त्याच्या पायथ्याशी आज संध्याकाळीही येसूबाई, जना आणि आवडीआजी आपापल्या दारात बसून एकमेकींशी बोलत असतील.